कुत्र्यांच्या जातींचं मूळ काम शरीरावरून आणि सवयींवरून कसं ओळखायचं?

नोंदवही

कुत्र्यांच्या जातींचा एक तक्ता तयार करते आहे. प्रत्येक जातीपुढे ‘मूळ काम’ असा रकाना ठेवलाय आणि तिथेच गाडी अडली आहे. बहुतेक ठिकाणी ‘शिकारी’, ‘राखणदार’, ‘मेंढपाळ’ असे तीन शिक्के मारून लेखक मोकळे झालेले दिसतात. त्या कुत्र्याने दिवसभर नेमकं काय करायचं असे, हे त्यातून कळत नाही.

तीन ठिकाणी खास अडले आहे.

१. बॉर्डर कॉली, जर्मन शेफर्ड आणि ग्रेट पिरेनीज या तिघांपुढे ‘मेंढ्यांचा कुत्रा’ असंच लिहिलेलं सापडतं. दिसण्यापासून वागण्यापर्यंत तिघांत काहीच सारखं नाही, मग काम एकच कसं?

२. डॅशहाउंडचे पाय माणसाने आखूड केले, की ते मुळात व्यंग होतं आणि त्याचा उपयोग करून घेतला गेला?

३. ‘पाच हजार वर्षांपूर्वीची जात’ असले दावे तक्त्यात घ्यावेत का?

नुसत्या नावांची यादी नको. अवयव, सवय आणि काम यांचा सांधा कसा जुळतो ते हवं आहे.

मेंढका

पहिल्या प्रश्नावर लिहितो. त्या तिघांचं काम एक नव्हतंच. मेंढ्या समान, कामं तीन.

आधी लांडग्याची शिकार डोळ्यांपुढे आणा. तिच्यात ठरलेल्या पायऱ्या असतात: सावज हेरणं, त्यावर नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकडीचा चावा, जीव घेणारा चावा, मग फाडून खाणं. कामाच्या कुत्र्यांची पैदास करताना माणसाने यातल्या काही पायऱ्या फुगवल्या आणि काही जवळजवळ पुसून टाकल्या. कुठली फुगवली आणि कुठली पुसली, एवढं पाहिलं तरी निम्मं काम ओळखू येतं.

बॉर्डर कॉलीत नजर, दबकणं आणि पाठलाग या तीन पायऱ्या पराकोटीला नेलेल्या आहेत आणि चावा दाबून ठेवलेला आहे. कामावरची कॉली बघा. डोकं खांद्यांच्या खाली, पाठीचा मागचा भाग किंचित वर, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला तसाच थांबलेला. भुंकणं नाही. त्या नजरेच्या दाबानेच मेंढी वळते. कुत्र्याने डोंगरावर पांगलेला कळप गोळा करून मेंढपाळाकडे आणायचा, हे काम. त्यासाठी तो सरळ कळपावर धावत नाही. पेअरच्या आकाराचा रुंद वळसा घेऊन कळपाच्या पलीकडे जातो. मेंढपाळ घड्याळात सहाच्या आकड्यावर उभा आहे असं धरलं, तर कुत्र्याची जागा बाराच्या आकड्यावर. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायला ‘कम बाय’ आणि उलट फिरायला ‘अवे’ असे ठरलेले हुकूम आहेत.

बिघाड दोन प्रकारचे होतात. वळसा अरुंद पडला, तर कुत्रा बाजूने कळपात घुसल्यासारखा होतो आणि मेंढ्या फुटून दोन्हीकडे पळतात. दुसरा बिघाड नजरेचा. नजर गरजेपेक्षा जड असलेला कुत्रा एकाच मेंढीवर खिळतो, हुकूम दिला तरी हलत नाही, आणि तेवढ्यात बाकीचा कळप निसटतो. म्हणून ‘जितकी नजर जास्त तितका कुत्रा चांगला’ हा समज चुकीचा आहे. आजच्या बॉर्डर कॉलीच्या वंशावळी मागे नेल्या की १८९३ साली इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलँडमध्ये जन्मलेल्या ओल्ड हेम्प या नरापाशी येऊन पोचतात. त्याचं नाव झालं ते याच शांत, न भुंकता काम करण्याच्या पद्धतीमुळे.

जर्मन शेफर्डचं मूळ काम गोळा करण्याचं नाही, हद्द राखण्याचं आहे. मध्य युरोपात कुरणाच्या पट्ट्याला लागूनच पिकाची शेतं असत आणि मधे कुंपण नसे. मेंढ्यांना या पट्ट्यात चरू द्यायचं, पण पिकात तोंड घालू द्यायचं नाही. कुत्रा सीमेवरच्या नांगराच्या तासातून सकाळपासून संध्याकाळपर्यंत येरझाऱ्या घाली. त्याला चालतं कुंपणच म्हणायला हवं. या कामाला वाऱ्याचा वेग लागत नाही. लागते ती न थकता तासन्‌तास टिकणारी दुडकी चाल आणि मेंढपाळ दूर असतानाही स्वतःहून नियम पाळण्याची वृत्ती. हट्टी मेंढीला पकडायची मुभा होती, पण जागा ठरलेल्या: मान, मांडी किंवा बरगडी. पकडायचं आणि लगेच सोडायचं. कातडी फाटली तर ते कुत्र्याचं अपयश. माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी १८९९ साली होरांड नावाचा नर घेऊन या जातीची नोंदवही सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर हे काम होतं. पोलीस आणि लष्कर नंतर आलं. कळपाच्या कामाची परीक्षा जर्मनीत अजूनही घेतली जाते.

ग्रेट पिरेनीज, मॅरेमा, कुवाझ, कंगाल हे तिसरे. यांनी मेंढ्या हाकायच्याच नाहीत. कळपात राहायचं आणि लांडगा किंवा अस्वल आलं की मधे उभं राहायचं. यांच्यात नजर रोखणं, दबकणं आणि पाठलाग या पायऱ्या पुसून टाकलेल्या असतात. तसं नसेल, तर मेंढ्या त्याला कळपात टिकूच देणार नाहीत. पण रक्ताइतकंच महत्त्व वाढवण्याला आहे. पिल्लाचं वय साधारण ३ ते १२ आठवडे असताना ज्यांची संगत मिळेल त्यांना ते आपलं मानतं. म्हणून त्याला याच वयात मेंढ्यांत ठेवतात. माणसाने हात लावावा, तपासावं, पण त्याला घरात खेळवू नये. हा काळ घरात गेला, तर मोठेपणी कुत्रा कळप सोडून दारात येऊन बसतो.

नव्या माणसाची फसगत होते ती पुढच्या टप्प्यात. साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत हेच पिल्लू कोकरांशी दांडगाई करतं, कान चावतं, लोकर ओढतं. कुत्रा वाया गेला असं समजून लोक त्याला काढून टाकतात. खरं तर हे वय निघून जातं. तेवढ्या काळात त्याला कोकरांपासून वेगळं करून थोराड मेंढ्यांत ठेवायचं. त्या त्याला ढुशा मारून ताळ्यावर आणतात. गळपट्ट्याला आडवी काठी टांगणं हा युरोपातला जुना उपाय. काठी पुढच्या पायांना लागते, त्यामुळे चालता येतं पण सुसाट धावता येत नाही.

रंगाबद्दल एक खुलासा. यातल्या बऱ्याच जाती पांढऱ्या आहेत आणि अंधारात लांडगा व कुत्रा वेगळे ओळखू यावेत हे त्याचं कारण सांगतात. पण कंगाल बदामी रंगाचा आणि काळ्या तोंडाचा असून तेच काम करतो. तेव्हा पांढरा रंग ही सोय म्हणा, अट म्हणू नका.

या कामांजवळचंच चौथं काम म्हणजे गुरं बाजाराला हाकत नेणं. कॉर्गी गुराच्या टाचेला चावून लगेच जमिनीलगत होतो, म्हणजे लाथ डोक्यावरून जाते. इथे आखूड पाय थेट उपयोगी.

बिळाची_वाट

डॅशहाउंडबद्दल. नाव जर्मन आहे, तिकडचा उच्चार ‘डाक्सहुंड’. डाक्स म्हणजे बॅजर (बिळात राहणारा एक दणकट प्राणी) आणि हुंड म्हणजे कुत्रा. म्हणजे काम नावातच आहे: बॅजरच्या बिळात शिरायचं.

पाय आखूड कशाने, याचं उत्तर २००९ साली मिळालं. एफजीएफ४ नावाच्या जनुकाची एक जादा प्रत १८ व्या गुणसूत्रावर जाऊन बसली आहे, आणि तिच्यामुळे पायांच्या लांब हाडांची वाढ लवकर थांबते. हीच प्रत कॉर्गी आणि बॅसेटमध्येही आहे. म्हणजे बदल निसर्गाने केला, आणि तसली पिल्लं बिळात उपयोगी पडतात हे बघून माणसाने ती राखली. तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर आहेत.

पण नुसत्या आखूड पायांनी बीळ सर होत नाही. बाकीचे अवयव पाहा. छातीचं हाड पुढे आलेलं आणि मागे लांबवर गेलेलं, म्हणजे छाती अरुंद राहूनही फुप्फुसांना जागा मिळते. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे, फावड्यासारखे. उकरलेली माती पोटाखालून मागे जाते. कातडी सैल, त्यामुळे मुळात किंवा दगडात अडकलं तर आत अंग वळवता येतं. जबडा आणि दात शरीराच्या मानाने मोठे. आणि आवाज! एवढ्याशा कुत्र्याला असा दणदणीत आवाज का, असं लोक विचारतात. बिळात शिरलेल्या कुत्र्याने बॅजरला मारायचं नसतं. त्याला एका जागी अडवून सतत भुंकत राहायचं असतं. वरची माणसं जमिनीला कान लावून जागा हेरतात आणि तिथे खणतात. आवाज खालून वर पोचला नाही, तर सगळी मेहनत फुकट. सशासाठी याहून लहान डॅशहाउंड तयार केले गेले, आणि जर्मनीत त्यांचे प्रकार आजही छातीच्या घेरावरून ठरवतात. बिळात अडकते ती छाती, म्हणून माप छातीचं.

आता बिघाड. डॅशहाउंडच्या पाठीचं दुखणं ‘पाठ लांब म्हणून’ होतं असं सर्रास लिहिलेलं असतं. खरं कारण मणक्यांमधल्या चकत्यांत आहे. याच जनुकाची आणखी एक प्रत १२ व्या गुणसूत्रावर असते (हे २०१७ साली कळलं), आणि तिच्यामुळे चकतीचा मऊ गाभा पिल्लू वर्षाचं होईपर्यंतच कडक व्हायला लागतो. मग पलंगावरून मारलेली एक उडी पुरते, चकती फुटून मज्जारज्जूवर दाब येतो आणि मागचे पाय लुळे पडतात. या प्रतीची चाचणी होते. तक्त्यात ‘लांब पाठ’ असं कारण लिहू नका.

टेरियर हेही बिळातलेच, नाव लॅटिन ‘टेरा’वरून, म्हणजे जमीन. पण इथे गंमत बघा: खोकडाच्या मागावरचे टेरियर पायाने बऱ्यापैकी लांब असतात. त्यांना आधी घोडे आणि हाउंडांच्या (खोकडाचा माग काढत पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांच्या) मागून पळत बिळापर्यंत पोचायचं असे. बिळात पाय दुमडता येतात, छाती दुमडता येत नाही. म्हणून जॅक रसेल आणि पार्सन रसेल टेरियर निवडताना छाती हाताने मापतात. कुत्र्याच्या मागे उभं राहायचं, पुढच्या पायांच्या लगेच मागे दोन्ही तळव्यांनी छाती धरायची. अंगठे वर पाठीच्या कण्यावर आणि बोटं खाली छातीखाली एकमेकांना टेकली पाहिजेत. आणि ती पकड किंचित दाबल्यावर छाती लवली पाहिजे. पिंपासारखी गोल, ताठ छाती असलेला कुत्रा दिसायला दणकट, पण बिळात निरुपयोगी. पाद्री जॉन रसेल यांनी १८१९ साली ट्रंप नावाची कुत्री घेतली, तिचा रंग मुख्यतः पांढरा. पांढरा रंग पुढेही राखला गेला, कारण मातीने माखून बिळातून बाहेर आलेला तांबूस कुत्रा हाउंडांना खोकडच वाटू शकतो.

पाणथळ

पक्ष्यांच्या शिकारीतले कुत्रे राहून जाताहेत, म्हणून थोडक्यात. मेंढका यांनी सांगितलेल्या पायऱ्या इथेही लागू पडतात. पॉइंटर दबकण्याच्या पायरीवर येऊन पुतळ्यासारखा थिजतो आणि नाकाने पक्ष्याची दिशा दाखवतो. सेटर त्याच जागी पोट जमिनीला टेकवतो. हा फरक उगाच नाही. सेटरचं काम बंदुकीच्या आधीचं. कुत्रा खाली बसला की लोक त्याच्यासकट पुढच्या झुडपावर जाळं ओढत. उभा कुत्रा जाळ्यात आडवा आला असता. स्पॅनियल उलट झुडपात घुसून पक्षी उडवतो.

रिट्रीव्हरने पडलेला पक्षी आणून द्यायचा. इथे पकडीची पायरी शाबूत आणि त्यापुढचं सगळं पुसलेलं. याला ‘मऊ तोंड’ म्हणतात आणि ते तपासता येतं: आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपायच्या. एकाच बाजूला मोडल्या असतील, तर पक्षी पडताना आपटला असेल. दोन्ही बाजू चेचल्या असतील, तर तोंड कडक.

लॅब्राडोरचं मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स कुत्र्यात. तो मच्छीमारांबरोबर थंडगार पाण्यात जाऊन जाळ्यातून सुटलेली मासळी आणि दोर ओढून आणायचा. जाड दुहेरी केस आणि पाणमांजरासारखी, मुळाशी जाड असलेली शेपूट हे सारं त्या पाण्याचं. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने) त्याला जात म्हणून मान्यता दिली. तो खादाड का, याचंही एक कारण २०१६ साली सापडलं. पीओएमसी या जनुकातली डीएनएची १४ अक्षरं सुमारे पाव लॅब्राडोरांमध्ये गळालेली असतात, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. अशा कुत्र्याचं खाणं मोजूनच द्यावं लागतं. तो मागतो म्हणून वाढलं, की वजन गेलंच हाताबाहेर.

पूडलचे ते कातरलेले केसही पाण्यामुळेच. मागचा भाग पोहायला हलका हवा म्हणून भादरायचे, छातीवर आणि सांध्यांवर ऊब राहावी म्हणून गुच्छ ठेवायचे. आज त्याची शोभा झाली आहे.

जुनी_वंशावळ

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं देईन. काम जुनं असू शकतं. आज आपण जिला जात म्हणतो, ती बंद वंशावळीची (म्हणजे आईबाप दोघेही आधीच नोंदलेले असतील तरच पिल्लाची नोंद होते अशी) गोष्ट बहुतेक ठिकाणी दीडशे वर्षांच्या आसपासची आहे.

जॉन कीझ या इंग्रज वैद्याने १५७० साली इंग्लंडातल्या कुत्र्यांची विगत लावली, ती कामावरूनच: बिळात शिरणारे, जाळ्यापुढे बसणारे, मांस भाजण्याचा गज फिरवणारेसुद्धा. (हे शेवटचे चाकात धावत. गज यंत्राने फिरू लागला आणि हे कुत्रे संपले.) त्या काळात जो ते काम करी तो त्या गटातला, बाप कोण हे दुय्यम. कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन जून १८५९ मध्ये न्यूकॅसलला झालं आणि त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते. केनेल क्लब १८७३ चा. त्यानंतर वंशावळी बंद झाल्या.

फेअरो हाउंडचं उदाहरण घ्या. फेअरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा, त्यामुळे नाव ऐकून इजिप्तच्या थडग्यांवरची चित्रं आठवतात. २००४ साली ८५ जातींच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा प्राचीन गटात बसेंजी, अकिता, सलुकी, अफगाण हाउंड अशी नावं आली. फेअरो हाउंड आणि इबिझन हाउंड मात्र त्यात बसले नाहीत. माल्टात फेअरो हाउंडला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘सशांचा कुत्रा’. तुमच्या रकान्यासाठी ते नाव सोन्यासारखं आहे, फेअरोचं नाही.

आणखी एक चाळणी लावा: अवयव कामाने घडला की प्रदर्शनाने? बुलडॉगचं काम बैलाच्या नाकाला चिकटून राहायचं होतं, आणि १८३५ साली ब्रिटनमध्ये बैलावर कुत्रे सोडण्याचा तो खेळ कायद्याने बंद झाला. त्या काळची चित्रं पाहा, पाय लांब आणि मुस्कट आजच्यापेक्षा बरंच पुढे आलेलं. आजचं बसकं नाक काम गेल्यानंतरचं आहे. आज बहुतेक बुलडॉग सिझेरियननेच जन्मतात, कारण पिल्लांचं डोकं आणि आईची कंबर यांचा मेळ बसत नाही. ‘बैल धरताना श्वास घेता यावा म्हणून नाक बसकं’ हे वाक्य तक्त्यात नका घालू. श्वास घेता न येणं हीच त्या नाकाची पीडा आहे. जर्मन शेफर्डची मागे उतरती पाठही अशीच नंतरची. होरांडच्या छायाचित्रात पाठ सरळ दिसते.

नोंदवही

सर्वांचे मनापासून आभार. आता रकाने बदलते: ‘काम’, ‘त्यासाठी अवयव’, ‘वाढवलेली व पुसलेली पायरी’, ‘बिघाड’. एक शंका उरते. मूळ काम लिहिलं, की वाचणारा घरच्या कुत्र्याकडून तसंच वागण्याची अपेक्षा धरणार. ते कितपत बरोबर?

मेंढका

जपून लिहा. २०२२ साली १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून स्वभावाची माहिती घेऊन आणि २,१५५ कुत्र्यांची जनुकं वाचून एक मोठा अभ्यास झाला. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो, त्या फरकातला जेमतेम ९ टक्के भाग जातीने उलगडला. सांगितलेलं ऐकण्याची तयारी हा गुण जातीशी त्यातल्या त्यात जास्त जोडलेला दिसला. चिडका की शांत, हे जातीवरून सांगता येत नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून रकान्यात ‘स्वभाव’ असं न लिहिता ‘हालचाल’ लिहा. नजर रोखणं, टाचेला चावणं, तोंडात धरून आणणं, बिळाशी उकरणं. पिल्लू निवडणाऱ्याने तर जातीचं नाव बाजूला ठेवून मागच्या तीन पिढ्यांनी काय काम केलं ते विचारावं. प्रदर्शनाच्या वंशातली कॉली आणि कामाच्या वंशातली कॉली यांच्यात फार अंतर पडलेलं असतं. कामाच्या वंशातल्या कॉलीला नुसतं फिरवून भागत नाही. हालचालीला वाट मिळाली नाही, की तीच नजर मुलांवर, सायकलींवर आणि भिंतीवरच्या सावल्यांवर लागते. चेंडू फेकत राहणं हा त्यावरचा उपाय नाही. त्याने पाठलाग तेवढा वाढतो, थांबणं शिकवलं जात नाही. हुकमावर पाठलाग अर्ध्यात सोडून जमिनीला पोट टेकणं आधी शिकवावं, मेंढ्यांवर शिकवतात तसंच.

बिळाची_वाट

तुमच्या नव्या रकान्यांसाठी एक पूर्ण नोंद देते. अवयव आणि काम यांचा सांधा याहून घट्ट दुसऱ्या कुठल्या जातीत दिसेल असं मला वाटत नाही.

जात: नॉर्वेजियन लुंडेहुंड. लुंडे म्हणजे पफिन हा समुद्रपक्षी.

काम: कड्यांवर चढून, कपारींतल्या अरुंद बिळांत शिरून पफिन जिवंत धरून आणणं.

त्यासाठी अवयव: प्रत्येक पायाला किमान सहा बोटं, त्यामुळे निसरड्या खडकावर पकड बसते. पुढचे पाय खांद्यापासून थेट दोन्ही बाजूंना सरळ पसरतात, म्हणजे कपारीच्या दोन्ही भिंतींना रेटा देता येतो. मान मागे वळून डोकं पाठीला टेकतं. बिळात वळायला जागा नसली तरी तोंड फिरवता येतं. कानाची पाळी दुमडून छिद्र बंद होतं, माती-पाणी आत जात नाही.

पायऱ्या: पकडीपर्यंत सगळ्या शाबूत, जीव घेणारा चावा दाबलेला.

बिघाड: नॉर्वेतल्या व्हॅरॉय बेटावर ही जात उरली होती. तिथे विसाव्या शतकात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथीत बहुतेक कुत्रे गेले आणि आजचे सगळे लुंडेहुंड जेमतेम अर्धा डझन कुत्र्यांपासून वाढवलेले आहेत. आतड्यातून प्रथिनं गळून जाण्याचा रोग या जातीत घर करून बसला आहे. जुलाब, पोटात पाणी, पाय सुजणं अशी लक्षणं. वजन उतरू लागलं, की रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लगेच तपासायचं. पफिनला संरक्षण मिळाल्यामुळे मूळ काम आता उरलेलं नाही. हेही त्याच रकान्यात लिहा.